होम मैदानावरचा पाळणा

संक्रांत जवळ आली की होम मैदानावर ट्रक यायला लागतात. आधी लोखंड उतरतं: रंगाचे थरावर थर चढलेले जाळीचे खांब, लांब आऱ्यांचे जुडगे, पाळण्यांच्या डोल्या, बोल्टांनी भरलेली पोती. मग माणसं उतरतात आणि त्यांच्यामागून चुली, गाद्या, एखादं लेकरू. थोड्याच दिवसांत तिथं एक उंच चक्र उभं राहतं, बाजूला झुलणारी होडी, तिच्या पलीकडे लाकडी विहीर. सारं सोलापूर सिद्धेश्वराच्या यात्रेला, आमच्या भाषेत गड्ड्याला, लोटतं तेव्हा हे सगळं तिथं पिढ्यान्‌पिढ्या असल्यासारखं वाटतं. गड्डा उठला की मैदान पुन्हा मोकळं.

लहानपणापासून मी हे पाहत आले. नोकरीतून मोकळी झाल्यावर मात्र एक गोष्ट मनात घर करून बसली. हा पाळण्यांचा गड्डा मुळात उभा राहिला कसा? कोणत्या हातांनी, कोणत्या क्रमानं? यात्रेच्या मानाच्या घराण्यांची, पूजेअर्चेची माहिती या गावात कोणीही देईल. पाळणा कसा उभारतात, हे विचारलं की समोरचा माणूस हसून म्हणतो, “त्यात काय, पाळणेवाले येतात अन्‌ बांधतात की!”

जगातल्या मोठमोठ्या करमणूक बागांबद्दल असं होत नाही. कॅलिफोर्नियात अनाहाइमला संत्र्यांच्या बागा काढून वॉल्ट डिस्नेनं १९५४च्या जुलैत काम सुरू केलं आणि १७ जुलै १९५५ला डिस्नेलँड उघडलंसुद्धा. त्या एका वर्षाचे नकाशे, छायाचित्रं, चित्रफिती, हिशेब सगळं जपलेलं आहे. उद्घाटनाच्या दिवशी उन्हानं ताजं डांबर मऊ पडून बायकांच्या सँडलच्या टाचा रुतल्या, हेही लिहून ठेवलेलं सापडतं. शिकागोच्या १८९३च्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्यानं जे चक्र उभारलं ते २६४ फूट उंच होतं, त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसं मावत. त्याचा आस साडेपंचेचाळीस फूट लांब होता. पुढे १९०६मध्ये ते सुरुंगानं पाडलं, तेही आपल्याला ठाऊक आहे.

चक्राची कल्पना मात्र फेरिसची नव्हे. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशानं १६२०मध्ये आजच्या बल्गेरियातल्या प्लोवदिवला लोक लाकडी चक्रांत बसून फिरताना पाहिले आणि त्याचं चित्र काढून ठेवलं. हाच मंडी पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेला आला. असा एखादा चित्र काढणारा माणूस सोलापूरच्या वाट्याला आला असता, असं मला फार वाटतं. १८८४च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड आपल्या जिल्ह्याचा. पिकं, गिरण्या, किल्ला, तळं, देऊळ यांसाठी तो आजही उघडावा लागतो. जत्रेत लाकडं जोडून चक्र उभारणाऱ्या माणसाची विद्या नोंदणं हे त्या साहेबांना आपलं काम वाटलं नव्हतं, आणि पुढे आपल्यालाही वाटलं नाही.

म्हणून मी उलट्या बाजूनं सुरुवात केली. पाळणा ठेवायला आधी जागा लागते. ही जागा कुठून आली, हे शोधायला निघालं की माणूस थेट तळ्याशी येऊन पोचतो. बाराव्या शतकात, बसवेश्वरांच्या काळात, हे गाव सोन्नलगी होतं आणि सिद्धरामेश्वर, म्हणजे यात्रेचे सिद्धेश्वर, इथं तळं खोदवत होते. अल्लमप्रभू त्यांना भेटायला आले तेव्हा इथं माती-दगडाचं काम चाललं होतं, असं परंपरा सांगते. प्रभूंनी सिद्धरामांना दगडफोड्या म्हणून हाक मारली आणि आपल्या गुरूला असं म्हणतो कोण, म्हणून कामकरी दगड घेऊन धावले. त्या कथेचा आध्यात्मिक अर्थ जाणकार सांगतील. मला तिच्यात दिसतं ते बांधकाम: घामानं भिजलेली, आपल्या कामाचा अभिमान असलेली, हातात दगड असलेली माणसं.

तळ्याच्या मध्ये देऊळ, काठाला पुढच्या काळात उठलेला भुईकोट किल्ला, आणि जवळच मोकळं मैदान. गावाभोवती सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली अडुसष्ट लिंगं. यात्रेच्या पहिल्या दिवशी सात नंदीध्वज, म्हणजे कमरेवर तोललेल्या उंच काठ्या, या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करत गावाला वळसा घालतात. हे यण्णीमज्जन. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, कारण सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी एका कुंभारकन्येचं लग्न लागलं होतं, असं मानतात. तिसऱ्या दिवशी मैदानावर होम. बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून, मणी-मंगळसूत्र घालून कुंभारकन्येचं रूप दिलेलं असतं. त्याच रात्री वासराची भाकणूक होते आणि पावसापाण्याचा अंदाज सांगितला जातो. चौथ्या दिवशी शोभेचं दारूकाम, मग कप्पडकळी. मैदानाचं नाव त्या होमावरून पडलं. पाणी, देऊळ, वाट, थांबे आणि शेवटी सगळ्यांना एकत्र आणणारी उघडी जागा, एवढं आधी कोणीतरी मांडून ठेवलं होतं. पाळणेवाले पुष्कळ नंतर आले आणि त्या मांडणीत बसले. डिस्नेला आपल्या बागेसाठी किल्ला बांधावा लागला आणि नदीही खोदावी लागली. आमच्या पाळण्यातून वर गेलं की खरा किल्ला आणि खरं तळं दिसतं.

माझ्या आठवणीतला पहिला पाळणा लाकडी होता. चार डोल्या, प्रत्येकीत दोन-तीन पोरं, आणि तो फिरवायला इंजिन नव्हे, माणूस. दोघं तरणे पोरगे आऱ्यांवरून माकडासारखे वर चढायचे आणि आपलं वजन टाकून चक्र खाली आणायचे. खाली येता येता उडी मारून पुन्हा वर. गती वाढली की नुसता हात लावून ढकलत राहायचं. आमच्या अण्णांना त्या पोरांचं फार कौतुक. ते लक्ष्मी-विष्णू गिरणीत कामाला, यंत्राचा माणूस. ते म्हणायचे, “बघ, बेल्ट न्हाई, मोटार न्हाई, पट्‌ठ्या सोताच इंजिन झालाय.” आई घरी विड्या वळायची. गड्ड्याचे पैसे तिच्या विड्यांतून निघायचे, गिरणीचा पगार त्याला लागू द्यायची नाही. हे पैसे खेळण्याचे, ते पोटाचे, असा तिचा हिशेब होता.

त्या गड्ड्याला धुळीचा आणि भज्यांच्या तेलाचा वास होता. बत्त्यांच्या फुसफुसाटात दुकानं मांडलेली, बांगड्या भरून घेणाऱ्या बायका, ताजमहालाच्या पडद्यापुढे ताठ बसून फोटो काढून घेणारी जोडपी. पुठ्ठ्याच्या विमानात बसून काढलेला भावाचा एक फोटो आमच्याकडे अजून आहे. मागं कन्नड, पुढं तेलुगू, बाजूला दखनी, मध्ये आमची मराठी, आणि भाव करताना सगळ्यांची सरमिसळ. खेड्यातले लोक खिलार बैल घेऊन जनावरांच्या बाजाराला आलेले असायचे. बैलांच्या गळ्यात नवे गोंडे आणि मालकाच्या डोक्याला नवं पागोटं. गावात तेव्हा रात्री दिवे मोजकेच असत. म्हणून गड्ड्यातून घरी परतताना रस्ता नेहमीपेक्षा काळा वाटायचा.

मग लोखंडी पाळणे आले, डिझेलचं इंजिन आलं. चक्राच्या कडेभोवती गुंडाळलेल्या तारेच्या दोराला इंजिन ओढायचं आणि ठोके आमच्या पोटात बसायचे. मग विजेची मोटार, टोराटोरा, ब्रेकडान्स, कोलंबस, ड्रॅगनची आगगाडी. रेल्वे सोलापुरात १८६०मध्येच पोचली होती, पण गड्ड्याची ही वाढ मी पाहिली ती ट्रकमुळे झालेली. मोठं चक्र सुटं करून रस्त्यानं नेता येईल, अशाच मापात त्याचा प्रत्येक तुकडा कापलेला असतो. ही गोष्ट मला एका मिस्त्रींनी दाखवली, आणि माझ्या शोधाला पहिलं खरं उत्तर मिळालं ते कागदावर नाही, त्यांच्या बोलण्यात.

ते खांबाच्या पायाशी पाणसळ लावून बसले होते. मी विचारलं, “किती उंच जाणार?” ते म्हणाले, “मावशी, उंचीचं नंतर. आधी जमीन बघायची. पाळणा वरून न्हाई पडत, खालून पडतो.”

त्यांनी सांगितलेला क्रम मी वहीत उतरवून घेतला. सगळ्यात आधी लाकडी ओंडके आडवे अंथरायचे, कारण मऊ मातीत लोखंड सरळ रुतत जातं आणि ओंडके वजन पसरवतात. पाणसळीनं सपाटी बघायची, कमी असेल तिथं फळी सारायची. मग दोन बाजूंचे तिकोनी मनोरे जमिनीवरच जोडायचे आणि चेनपुलीनं, दोर ताणत, हळूहळू उभे करायचे. ते चारी दिशांना ताणांनी बांधून झाले की त्यांच्या माथ्यावर आस चढवायचा आणि बेअरिंगला ग्रीस घालायचं. आरे एकामागोमाग एक लावत सुटायचं नाही. एक खाली लावला की त्याच्या बरोबर समोरचा वर गेला पाहिजे, नाहीतर चक्र जड बाजूनं ओढतं. आरे झाले की त्यांना जोडणारी कडी, आणि डोल्या सगळ्यात शेवटी. माणसं बसवतानाही तोच नियम: एका बाजूला चार डोल्या भरल्या की समोरच्या चार भरायच्या, मग उरलेल्या. गर्दीतले लोक चिडतात, आमचा नंबर आधी होता म्हणतात. पाळणेवाला का थांबवतो, हे कोणी त्यांना सांगत नाही.

“हे कुणी शिकवलं?” मी विचारलं. “बापानं. त्याला त्याच्या सेठच्या मिस्त्रीनं.” “कुठं लिहिलंय?” त्यांनी आऱ्यांच्या जुडग्याकडे बोट दाखवलं. प्रत्येक आऱ्याच्या टोकाला रंगानं आकडा होता आणि तोच आकडा कडीवर. एवढंच काय ते लिखाण. वर्षाकाठी रंग उडतो तेव्हा त्याच आकड्यावरून ब्रश फिरवतात. मी त्या आकड्यांचे फोटो काढून घेतले. ते पाहून मिस्त्रींचा मुलगा म्हणाला, “काकू, लोक वरून फोटो काढतात, तुम्ही खालून काढताय.”

लाकडी विहिरीचंही तसंच. तिला सगळे ‘मौत का कुआँ’ म्हणतात. उभ्या फळ्यांचे भाग बोल्टांनी जोडत जोडत तो गोल पुरा होतो. तळाला आधी उतरती फळी असते. मोटारसायकल तिच्यावरून वेग घेत भिंतीवर जाते. गोल फिरणारी गाडी सरळ रेषेत निसटायला बघते, भिंत तिला आत वळवत राहते, त्या दाबामुळे टायर आणि फळी यांत घर्षण तयार होतं आणि ते घर्षण गाडी आणि स्वार दोघांना पेलतं. वेग कमी पडला की दाब कमी, दाब कमी की घर्षण कमी. दहावीच्या पुस्तकात वर्तुळाकार गती शिकवताना दोरीला दगड बांधून फिरवायला सांगतात. सोलापूरच्या पोरांना गड्ड्यात नेऊन फळ्यांना कान लावायला सांगावं, असं मला वाटतं. गाडी जवळून जाते तेव्हा सगळी विहीर थरथरते, कारण गाडी भिंतीला ढकलत असते. लहानपणी आम्हा मुलींना त्या जिन्यावर चढू देत नसत. तिथं वरच्या कठड्यावर पुरुषांची रेटारेटी असायची. आता पोरी बिनधास्त चढतात, मोबाइल पुढे करून उभ्या राहतात. गड्ड्यातला हा बदल मला सगळ्यात आवडतो.

१९८९मध्ये मुंबईच्या कडेला गोराईला एस्सेलवर्ल्ड उघडलं. दूरदर्शनवर त्याची जाहिरात लागली की आमच्या आळीतली पोरं खेळ टाकून घरात धावायची. सोलापुरात तेव्हा मोठी मानाची सहल म्हणजे ती. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघायचं, सकाळी मुंबई, मग लोकलनं बोरिवली, खाडीवर बोट, आणि पलीकडे ते. माझी मुलगी तिथं पहिल्यांदा गेली तेव्हा तिनं मला विचारलं, “हे लोक पाळणे काढून नेत नाहीत?” गड्डा पाहून वाढलेल्या पोरीला पाळणा एका जागी बाराही महिने उभा राहतो, हेच नवल होतं. इथलं काँक्रीट जमिनीत खोल गेलंय, बोल्ट पुन्हा उघडायचेच नाहीत, हे तिला समजावून सांगताना मलाही ते फार भक्कम वाटलं होतं. आमचा गड्डा त्यापुढे गरीब वाटला होता.

एस्सेलवर्ल्ड २०२२मध्ये बंद झालं. दिल्लीचं अप्पू घर १९८४मध्ये उघडलं आणि २००८मध्ये मिटलं. २०१३मध्ये खोपोलीजवळ मनमोहन शेट्टींनी इमॅजिका उभं केलं आणि आता आमच्याकडची पोरं तिकडे जातात. २०२३पासून मुंबईला जायला वंदे भारतही आहे. मोठ्या बागा जमिनीच्या किमतीवर, कर्जावर, कंपनीच्या हिशेबावर जगतात आणि त्यातलं काही बिघडलं की एवढं लोखंड जागीच अडकून पडतं. गड्ड्यातल्या चक्राला तो धोका नाही, त्याला निराळे आहेत. २०२१च्या जानेवारीत करोनामुळे विधी मोजक्या माणसांत झाले आणि मैदानावर पाळणा आला नाही. मिस्त्री सांगत होते, तेव्हा गावाकडे शेडमध्ये लोखंड पडून होतं आणि हातातल्या पोरांनी दुसरी कामं धरली. “लोखंड गंजलं तर घासता येतं, मावशी. पोरगं सेंट्रिंगच्या कामाला गेलं की परत येत न्हाई.” हे वाक्य मला कोणत्याही बागेच्या ताळेबंदापेक्षा महत्त्वाचं वाटतं. चक्र दरवर्षी उघडलं आणि जोडलं जातं, म्हणूनच ते जोडण्याची विद्या जिवंत राहते. दोन वर्षं खंड पडला की ती विद्या माणसांबरोबर निघून जाते.

आजचं होम मैदान पाहिलं तर जुन्या माणसांना ते ओळखू येणार नाही. स्मार्ट सिटीच्या कामात ते सपाट आणि नीटस झालं. दुकानांच्या रांगांमधून रुग्णवाहिका आणि अग्निशमनची गाडी जाईल असा आपत्कालीन रस्ता असावा, यावरून २०१५च्या सुमारास मोठा वाद झाला. तेव्हा अनेकांना परंपरेवर घाला वाटला होता. मला वाटतं रस्ता हवाच होता. लाखो माणसं जिथं येतात तिथं परंपरेची काळजी म्हणजे आधी माणसांची काळजी. सिद्धरामेश्वरांनी पाण्याची सोय आधी केली होती, हे विसरायला नको. खटकतं ते दुसरंच. प्रत्येक पाळण्याचा स्वतंत्र भोंगा, सगळ्यांची गाणी एकमेकांवर आदळणारी, आणि एलईडीचा असा झगमगाट की वर गेलं तरी तळ्याचं पाणी दिसत नाही. नंदीध्वज नागफणी लावून, दिव्यांनी सजून होमासाठी निघतात तेव्हा एकटा माणूस कमरेवर ती प्रचंड उंच, जड काठी तोलत पावलं टाकतो. बाराबंदी घातलेले बाकीचे नुसते भोवती. त्या क्षणी तरी शेजारचे दिवे थोडे मंद करावेत, एवढं पाळणेवाल्यांना सांगायला हरकत नाही. सांगितलं तर ऐकतील, अशी ती माणसं आहेत.

हा तोल आणि पाळण्याचा तोल, दोन्ही एकाच मैदानावर, एकाच आठवड्यात. नंदीध्वज पेलायची तालीम यात्रेच्या आधी गल्लीगल्लीत सुरू होते, थोरला पोराला कमरेचा पट्टा कसा बांधायचा ते दाखवतो. त्याची बातमी येते, छायाचित्रं येतात, येऊ द्यावीत. पाळण्याच्या मिस्त्रीची तालीम कोणी पाहत नाही, कारण ती मैदान उघडायच्या आधी संपलेली असते.

माझी वही अजून अर्धी आहे. लाकडी पाळण्याचा आस कोणत्या लाकडाचा असायचा, लोखंडी चक्र गड्ड्यात पहिल्यांदा कोणत्या साली उभं राहिलं, ते कोणी आणलं, डिझेलचं इंजिन कधी आलं, हे सगळं कोणाच्या तरी घरी असणारच. म्हणून सोलापूरकरांना माझी एक विनंती आहे. जुन्या ट्रंका, अल्बम उघडा. गड्ड्यातल्या फोटोत आपण सगळे पुढच्या माणसांचे चेहरे बघतो, आजी कशी दिसायची, काकांची टोपी कशी होती. एकदा तोच फोटो कडेनं बघा. पडद्याबाहेर, खांद्याच्या वर, एखादा आरा, एखादा ओंडका, दोर धरून उभा असलेला एखादा माणूस दिसेल. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं साल घाला आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो दोर धरलेला माणूस कोण होता.